घडीची शिडी डगमगते? आधी हालचाल नेमकी कुठे होतेय ते शोधा

घराघरात असते ती ॲल्युमिनियमची घडीची शिडी: तीन ते सहा पायऱ्या, मागे दोन पायांचा टेकू, वर उभं राहायला फळी आणि फळीच्या वर गुडघा टेकायला दांडा. माळ्यावरची भांडी, पंख्यावरची धूळ, पडद्याचे रॉड, आकाशकंदील, सगळं हिच्यावर चढूनच होतं. काही वर्षं वापरली की ती डगमगायला लागते आणि मग घरातलं कोणीतरी खाली ती धरून उभं राहतं. शिडी कलंडली तर सत्तर किलोचा माणूस धरणाऱ्याला पेलत नाही, तोच खाली सापडतो. डगमग काढायची असेल तर ती कुठून येते ते बघावं लागतं.

हालचाल तीनच ठिकाणी होऊ शकते. फरशी आणि शिडीच्या पायांचे रबरी बूट यांच्यामध्ये, दोन भाग जिथे जोडले आहेत तिथे, किंवा खुद्द धातूत. पहिल्या प्रकारातलं जवळपास सगळं घरी शंभर-दोनशे रुपयांत सुटतं. दुसऱ्यातलं काही सुटतं, काही नाही. तिसऱ्यावर घरात काय, कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरकडेही इलाज नाही, शिडी भंगारात जाते. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

लक्षणं

- रिकामी शिडीसुद्धा उघडून ठेवल्यावर तिरपी डुलते. समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांतले दोन पाय टेकलेले, उरलेले दोन आळीपाळीने वर-खाली.
- रिकामी असताना ठीक, पण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर गेलं की एका बाजूला लवते.
- लादीवर करड्या रेघा उमटतात. ओल्या फडक्याने पुसून जात नाहीत.
- ठरावीक पायरीवर पाय पडला की "कट्" असा आवाज येतो.
- रिवेटच्या (दोन भाग कायमचे जोडणाऱ्या, टोकं दाबून बसवलेल्या धातूच्या खिळीच्या) डोक्याभोवती काळपट कड दिसते किंवा खाली काळा ओघळ आलेला असतो.
- वरची फळी आपोआप बसत नाही, हाताने ठोकून बसवावी लागते.
- भिंतीला टेकवलेली शिडी पायाशी सरकते.
- गुडघ्याचा दांडा हलतो.

शेवटचं लक्षण लोक सर्रास सोडून देतात. पण फळीवर उभा असलेला माणूस नकळत त्या दांड्यावरच रेलतो. तो सैल असेल तर बाकी शिडी कितीही भक्कम असली तरी वर जाऊ नये.

तपासताना शिडीवर चढायचं नाही. हाताने दाबून बघायचं, आणि अगदी लागलंच तर सर्वांत खालच्या पायरीवर उभं राहायचं. शिडी आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. डिस्टेंपरच्या आणि सिमेंटच्या थराखाली तडे दिसत नाहीत.

१. फरशी की शिडी? पाव फेरा फिरवा

खर्च शून्य. चारपैकी एका पायाला चिकटपट्टी लावून खूण करा. शिडी पूर्ण उघडून ठेवा, वरच्या फळीवर हाताने एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या कोपऱ्यात दाबा आणि कोणती जोडी उचलली जातेय ते बघा. आता शिडी त्याच जागी पाव फेरा फिरवा, म्हणजे उत्तरेकडे तोंड होतं ते पूर्वेकडे. पुन्हा दाबा.

पुन्हा शिडीची तीच जोडी उचलली गेली तर दोष शिडीत आहे. दुसरी जोडी उचलायला लागली तर फरशी वाकडी आहे.

बरेच जण शिडी अर्धा फेरा फिरवून बघतात. त्यातून काहीच कळत नाही, कारण अर्ध्या फेऱ्यात तिरप्या कोपऱ्यांतले पाय एकमेकांच्या जागी जातात आणि फरशी वाकडी असली तरी तीच जोडी उचलली जाते. पाव फेराच हवा. शिडीच्या पायांचा चौक अगदी चौरस नसतो, तेव्हा खात्रीसाठी दुसऱ्या खोलीत हेच एकदा करा.

फरशी वाकडी निघाली तर जागा बदला. न्हाणीघरात आणि गच्चीवर पाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो, तिथे शिडी डुलू शकते. अंगणात किंवा मातीत चारही पायांखाली एकच १८ मिलिमीटरची प्लायवूडची फळी टाका आणि उंच बाजूची माती खरवडून फळी सपाट बसवा. एका पायाखाली वीट, लादीचा तुकडा किंवा घडी घातलेला पुठ्ठा सरकवणं बंद. माणूस वर हलला की भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, ज्या पायावरचा भार गेला त्याखालचा तुकडा दरवेळी थोडा सरकतो आणि विसाव्या-तिसाव्या वेळी निसटतो. तोवर सगळं ठीकच वाटत असतं.

फट एखाद्या मिलिमीटरची असेल तर फार मनावर घेऊ नका, माणसाच्या वजनाने ती दबते. तीन मिलिमीटरच्या वर असेल तर पुढे तपासा.

२. ड्रिल मारतानाच हलते का?

शिडी साफसफाईला ठीक आणि भिंतीला भोक पाडतानाच डुलत असेल तर शिडी बरी आहे, ती उभी चुकीची आहे. घडीच्या शिडीचा पाया पुढून मागे लांब आणि आडवा अरुंद असतो. भिंत उजव्या किंवा डाव्या हाताला ठेवून ड्रिल दाबलं की जोर नेमका अरुंद बाजूला लागतो. पायऱ्यांचं तोंड भिंतीकडे येईल, म्हणजे चढलेला माणूस समोर भिंत बघत असेल, अशी शिडी फिरवा. हाच नियम बाजूला वाकण्यालाही: कमरेचा पट्टा दोन उभ्या दांड्यांच्या आत राहिला पाहिजे. तो बाहेर जात असेल तर खाली उतरून शिडी सरकवायची. कंटाळा येतो, मान्य.

३. स्टिकर वाचा

शिडीच्या उभ्या दांड्यावर कमाल भार छापलेला असतो. तो आकडा एकूण भाराचा आहे: माणूस, हत्यारं आणि हातातलं सामान धरून. ९० किलोपर्यंतच्या शिडीवर ८० किलोचा माणूस दहा लिटर रंगाची बादली घेऊन चढला की मर्यादा ओलांडली, कारण दहा लिटर इमल्शन १३ ते १५ किलो भरतं. अशी शिडी लवते, आणि आपण समजतो रिवेट सैल झाले.

युरोपातल्या सुट्या शिड्यांचं मानक ईएन १३१. २०१८च्या सुधारणेनंतर त्यात दोनच वर्ग राहिले, व्यावसायिक आणि घरगुती. दोन्हींना कमाल भार १५० किलोच, पण व्यावसायिक वर्गाच्या शिडीला चाचण्या अधिक कडक आहेत. त्याच सुधारणेत तीन मीटरपेक्षा लांब टेकवायच्या शिडीला खाली रुंद पाया किंवा आडवा स्थिरक दांडा लागू झाला. अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या शिडीला अँसी (तिथली मानक संस्था) ए१४.२ आणि फायबरग्लासच्या शिडीला ए१४.५ लागू होतं. तिथे टाइप ३ म्हणजे २०० पौंड, साधारण ९१ किलो. टाइप २ म्हणजे २२५ पौंड, टाइप १ म्हणजे २५०, आणि १ए म्हणजे ३००, साधारण १३६ किलो. तिकडे राहणाऱ्यांनी टाइप ३ स्वस्त म्हणून उचलू नये, घरातल्या सर्वांत वजनदार माणसाचा हिशेब आधी करावा. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ३६९६ भाग २, १९९१ सालची, ही शिड्यांसाठीची सुरक्षा संहिता आहे. ती मुख्यतः बांधकामाच्या अंगाने लिहिलेली आहे, पण शिडी कशी उभी करावी आणि कशी तपासावी हे घरालाही लागू पडतं.

स्टिकरवर नुसतं "हेवी ड्यूटी" असेल आणि मानकाचा क्रमांक किंवा किलोचा आकडा नसेल, तर त्या दोन शब्दांना काही अर्थ नाही.

४. रबरी बूट

घरगुती डगमगीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. शिडी आडवी करा आणि चारही बूट काढून बघा. घट्ट असतील तर पाच मिनिटं गरम पाण्यात शिडीचे पाय बुडवून ठेवा, मग पिळून ओढा.

बुटाच्या आत बघा. ॲल्युमिनियमची पोकळ नळी जिथे कापलेली असते तिथे तिची कड धारदार असते. ती हळूहळू बुटाचा तळ आतून कापत जाते. बाहेरून बूट शाबूत दिसतो आणि आत नळीच्या आकाराची चौकोनी खाच पडलेली असते, कधी आरपार. लादीवरच्या करड्या रेघा म्हणजे धातू फरशीला लागायला सुरुवात झाली. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर उघडं ॲल्युमिनियम सहज घसरतं.

दुसरी चाचणी अंगठ्याच्या नखाची. तळाला नख रोवून दाबा. खळगा पडला पाहिजे. पीव्हीसीचे बूट गच्चीवर उन्हात राहिले की कडक आणि चकचकीत होतात, नख रुतत नाही. असा बूट दिसायला नवा असला तरी पकड संपलेली असते.

बदलायचे तर चारही एकदम. एकच नवा घातला तर तो जुन्या झिजलेल्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच ठरतो आणि तुम्ही स्वतःच नवीन डगमग तयार करता. पुढच्या आणि मागच्या पायांची मापं बहुधा वेगळी असतात, म्हणून दोन्हींची बाहेरची रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून, शक्यतो जुना बूटच बरोबर घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. बूट दोन जातीचे: नळीवर बाहेरून चढणारे आणि नळीच्या आत ठोकायचे. आपल्या शिडीला जो होता तोच घ्या.

बसवण्याआधी नळीच्या कडेवर बारीक कानस फिरवून धार मोडा. हे केलं नाही तर नवे बूटही लवकरच तसेच कापले जातील. बूट गरम पाण्यात मऊ करा, साबणाचं पाणी लावा, लाकडी ठोकळा ठेवून ठोका. तेल किंवा ग्रीस लावून बसवू नका, ते आत राहतं आणि बूट नळीवरून निसटत राहतो. मूळ बुटाला बाजूने स्क्रू असेल तर तो परत लावा. तळातून स्क्रू कधीच नाही. सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने बांधायची पद्धत सगळीकडे दिसते. ट्यूब भाराखाली सरकते आणि तार फरशीवर येते, त्यापेक्षा बूट नसलेला बरा, निदान कळतं तरी.

बूट चांगले असून घसरत असतील तर धूळ. पुट्टी घासताना पडलेली पूड, टाल्क, ओली फरशी यांवर कोणताही बूट धरत नाही. तळ आणि फरशी दोन्ही पुसा.

५. फळी, पट्ट्या आणि लॉक

शिडी पूर्ण उघडली आहे असं वाटणं आणि ती पूर्ण उघडणं यात बोटभराचं अंतर असतं. फळीवाल्या शिडीत फळीच लॉकचं काम करते: तिचा मागचा काठ किंवा प्लास्टिकची खाच मागच्या आडव्या दांड्यावर बसली पाहिजे, दोन्ही टोकांना. एका टोकाला बसलेली आणि दुसऱ्या टोकाला अर्ध्यावर अडकलेली फळी म्हणजे पिळलेली शिडी, आणि ती डुलते. खाचेत रंगाचा थर, वाळलेलं सिमेंट, कोळ्याचं जाळं काय वाटेल ते असतं. जुन्या टूथब्रशने साफ करा. प्लास्टिकच्या खाचेचा ओठ झिजून गोल झाला असेल किंवा चिरला असेल तर तो भाग कंपनीकडूनच मागवा. फेविक्विकने चिकटवलेली खाच पुढच्या वेळी मोडेल ती तुम्ही वर असताना.

मधून दुमडणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या असतील तर उघडल्यावर त्या सरळ रेषेच्या किंचित खाली गेल्या पाहिजेत. तशा गेल्या तरच भार त्यांना अधिक बंद करतो. रेषेच्या वर राहिल्या तर तोच भार त्यांना दुमडायला बघतो. दोन्ही पट्ट्या डोळ्यांसमोर धरून तुलना करा, एक वाकलेली असेल तर लगेच दिसते. पट्ट्यांऐवजी नायलॉनचे पट्टे असतील तर दोन्हीवर ताण सारखा हवा. तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारली की तो आखूड होतो, शिडी पिळते. बदलायचे तर जोडीने.

एक चाचणी इथेच करून टाका. शिडी उघडून चारही पायांच्या आतल्या कोपऱ्यांवर खडूने खुणा करा, शिडी उचला आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक पाच मिलिमीटरच्या आत असेल तर सांगाडा चौकात आहे. एक-दोन सेंटिमीटर फरक असेल आणि पट्ट्या, फळी ठीक असतील, तर दोष पुढच्या मुद्द्यांत, ६ ते ८ मध्ये, शोधा.

६. नट-बोल्ट

बिजागराला आणि गुडघ्याच्या दांड्याला बहुधा एम६ किंवा एम८चे, म्हणजे ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीचे, बोल्ट असतात. एम६ला १० नंबरचा पाना, एम८ला १३चा. एका हाताने बोल्टचं डोकं धरा, दुसऱ्याने नट पाव-पाव वळसा आवळा आणि दरवेळी भाग हलवून बघा. बिजागर फिरलं पाहिजे, पण आडवं खेळता कामा नये. आडवा खेळ गेला की थांबा.

जास्त आवळलं की पोकळ नळी आत दबते. मग बोल्ट पुन्हा सैल लागतो, पुन्हा आवळला जातो, आणि काही दिवसांत नळी चपटी. नळी दबलेली दिसली तर ती परत गोल होत नाही.

आत नायलॉनची कडी असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. नवे घ्या, किंमत नगण्य आहे. कोकणात आणि गोव्यात, समुद्राच्या जवळ, साधा लोखंडी बोल्ट लावला की खारट दमट हवेत लोखंड गंजतं आणि त्याच्या संगतीने ॲल्युमिनियमही खाल्लं जातं: बोल्टवर तांबडा गंज आणि भोकाभोवती पांढरी भुकटी. भोक मोठं होतं आणि बोल्ट कितीही आवळला तरी सांधा खेळतो. तिथे मूळ बोल्टसारखाच बोल्ट, प्लास्टिकच्या वॉशरसकट, लावा. शिडी पावसाळ्यात गॅलरीत ठेवू नका.

७. रिवेट

इथून पुढे हात आखडता घ्यायचा.

रिवेटभोवतीची काळी कड मळ नसते. रिवेट आणि भोक एकमेकांवर घासून ॲल्युमिनियमची जी पूड निघते ती काळी दिसते. पुसून टाका, रिवेटच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत सलग पेन्सिलची रेघ मारा, पायरी हाताने जोरात वर-खाली, पुढे-मागे हलवा. रेघ तुटली किंवा रिवेट फिरला तर तो सैल आहे. "कट्" आवाजाचं उगमस्थानही सहसा हेच.

आता कोणता रिवेट, यावर सगळं अवलंबून आहे. प्लास्टिकची टोपी, फळीखालचा क्लिप, मागच्या टेकूची सजावटी पट्टी, अशा जागी ज्याच्यावर माणसाचं वजन येत नाही तो पॉप रिवेट (एकाच बाजूने हातयंत्राने बसवायचा पोकळ रिवेट) घरी बदलता येतो. जुना रिवेट त्याच्या डोक्याच्या मधोमध ड्रिल करून काढा, ४.८ मिलिमीटरचा रिवेट असेल तर ४.९चं भोक, ४ मिलिमीटरचा असेल तर ४.१चं. ड्रिल करण्याआधी सेंटर पंच (टोकदार पोलादी खिळा) ठोकून मधोमध खळगा पाडा, नाहीतर ड्रिल सरकून भोक लंबगोल होतं.

पायरी आणि उभा दांडा यांना जोडणारा रिवेट मात्र घरी बदलू नये. तिथे कारखान्यात भरीव किंवा अर्धपोकळ रिवेट यंत्राने दाबून बसवलेला असतो. पॉप रिवेट पोकळ असतो, आतली खिळ्यासारखी दांडी तुटून निघाली की उरते ती नळी, आणि कातरणारा जोर तो मूळ रिवेटइतका सोसत नाही. शिवाय तो सैल झाला म्हणजे भोक आधीच लांबट झालेलं असतं. लांबट भोकात नवा रिवेट आठवडाभर घट्ट वाटतो, एवढंच. गुडघ्याच्या दांड्याचे आणि आडव्या पट्ट्यांचे रिवेटही याच यादीत धरा.

काही शिड्यांत रिवेटच नसतात. गोल किंवा त्रिकोणी पायरी उभ्या दांड्यातून आरपार घालून टोकाला फुगवलेली असते. अशी पायरी मुठीत धरून पिळून बघा. जरासुद्धा फिरली तर शिडी संपली.

८. पायऱ्या आणि उभे दांडे

शिडी बंद करून आडवी ठेवा आणि एक डोळा मिटून दांड्याच्या टोकातून दुसऱ्या टोकाकडे बघा, सुतार फळी बघतो तसं. शंका आली तर दोन टोकांना दोरा ताणून धरा. दोरा आणि दांडा यांत मधेच फट दिसली तर दांडा वाकला आहे. मागच्या पायांचा खालचा वीतभर भाग नीट बघा, शिडी सामानाबरोबर टेंपोत टाकताना मार तिथेच बसतो.

तडे शोधायची जागा म्हणजे भोकांच्या कडा आणि सर्वांत खालच्या दोन पायऱ्यांच्या खालची बाजू. केसाएवढा तडा डोळ्याला दिसत नाही. रॉकेल मिळालं तर ते, नाहीतर गंज सोडवायचं पातळ स्प्रे तेल त्या जागी लावा, पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर बारीक काळपट रेघ उमटते. झालं की साबणाने धुवा, पायरीवर तेलाचा अंश राहता कामा नये.

तडा किंवा वाक सापडला तर तो सरळ करायचा नाही. पोकळ नळी एकदा मुडपली की तिची मजबुती ज्या आकारामुळे होती तो आकारच गेलेला असतो, आणि ठोकून सरळ करताना वळणावर तडा जातो. "आर्गॉन मारून देतो", म्हणजे आर्गॉन वायू वापरून वेल्डिंग करून देतो, म्हणणारे खूप भेटतील. शिडीच्या दांड्यांना लागणारं ॲल्युमिनियम, बहुधा ६०६३ जातीचं, कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि जवळपास निम्मी ताकद जाते. सांधा चकाचक दिसतो आणि शिडी त्याच्या शेजारी मोडते.

टेकवायची, सरकती, लाकडी

टेकवायची शिडी सरकत असेल तर आधी कोन. वर जिथे टेकते तिथपर्यंत चार मीटर उंची असेल तर पाय भिंतीपासून एक मीटर. त्याहून लांब ठेवले की पाय घसरतात, जवळ ठेवले की माणूस मागे उलटतो. गच्चीवर जायचं असेल तर शिडी कठड्याच्या वर मीटरभर निघाली पाहिजे आणि वर दोरीने बांधलेली हवी. घडीची शिडी बंद करून भिंतीला टेकवू नका. तिचे बूट उघड्या शिडीच्या कोनात बसवलेले असतात, टेकवल्यावर ते फक्त एका कडेवर उभे राहतात.

सरकत्या नळ्यांच्या शिडीत प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना खिट्टी असते. सिमेंटची धूळ नळीवर बसली की एखादी खिट्टी अर्धवट अडकते. नळ्या कोरड्या फडक्याने पुसा, तेल नको. तरीही एक जरी खिट्टी बसत नसेल तर ती उघडून दुरुस्त करायचा प्रयत्न नको, ईएन १३१मध्ये या जातीसाठी वेगळा सहावा भाग उगीच नाही.

लाकडी घोडीला ऑइल पेंट मारू नका. रंगाखाली तडा आणि किडीची भोकं लपतात. पारदर्शक वॉर्निश किंवा अळशीचं तेल लावा. सांध्यांत दाभण रोवून बघा, सहज आत गेलं किंवा पिवळसर पीठ गळलं तर वाळवी किंवा भुंगा. पायरीखालची लोखंडी ताणसळई सैल असेल तर नट आवळा, बाकी काम सुताराचं. बांबूच्या शिडीला काथ्याच्या बांधण्या ढिल्या झाल्या तर बांधता येतात, उभा बांबू चिरला तर नाही.

कुठे थांबायचं

पायरीच्या सांध्यातला रिवेट सैल, बिजागराची किंवा लॉकची जागा झिजलेली: कंपनीचं सेवा केंद्र. सुटा भाग मिळत नसेल तर शिडी बाद. तडा, वाक, दबलेली नळी, फिरणारी पायरी, आगीत किंवा उंचावरून पडलेली शिडी: कोणालाही न विचारता बाद.

विजेचं काम ॲल्युमिनियमच्या शिडीवरून करू नये. पंखा बदलायचा तर मुख्य स्विच पाडा आणि फायबरग्लासची शिडी असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. घराजवळून उघड्या तारा जात असतील तर तिथे धातूची शिडी उभीच करायची नाही, आधी वीज कंपनीला कळवा. जिन्याच्या मोकळ्या जागेतला दिवा, पहिल्या मजल्याच्या वरचा छज्जा, पत्र्याचं छप्पर, या जागा घरगुती शिडीच्या नाहीत. परांची बांधणाऱ्या रंगाऱ्याला पैसे द्या.

बाद शिडी अख्खी भंगारवाल्याला देऊ नका. ॲल्युमिनियमला भाव किलोवर मिळतो, शिडी अख्खी असो की तुकड्यांत. पण अख्खी गेली तर ती रंगाचा हात मारून दुसऱ्या कोणाला तरी शिडी म्हणूनच विकली जाते. हॅक्सॉने चारही उभे दांडे मधोमध कापा, भार लिहिलेला स्टिकर खरवडून काढा आणि मग द्या.